'गनस्मोक'चा पहिला भाग: मॅट डिलनने ग्रॅटला अटक करायला गाठलं की मारायला?

जुनी_रिळं:
'गनस्मोक' या अमेरिकन वेस्टर्न टीव्ही मालिकेचा पहिला भाग, १० सप्टेंबर १९५५ ला सीबीएस वाहिनीवर लागलेला 'मॅट गेट्स इट', पुन्हा पाहिला. आधी खुद्द जॉन वेन येऊन मालिकेची आणि मॅटचं काम करणाऱ्या जेम्स आर्नेसची ओळख करून देतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात: डॅन ग्रॅटला पकडायला टेक्सासमधल्या अॅमारिलोचा शेरीफ डॉज सिटीत येतो आणि ग्रॅटच्या हातून मरतो. मग डॉज सिटीचा मार्शल, म्हणजे कायद्याचा रखवालदार, मॅट डिलन जातो. ग्रॅट अगदी जवळ येऊन आधी पिस्तूल उपसतो आणि सहा फूट सात इंचांचा आपला मार्शल पहिल्याच भागात भर रस्त्यात आडवा! गावचा डॉक्टर, डॉक, त्याला वाचवतो. पडल्या पडल्या मॅटला उमगतं की ग्रॅटचा हात चपळ आहे, पण नेम कच्चा. म्हणूनच तो माणसाला खेटतो. दुसऱ्या भेटीत मॅट त्याला जवळ येऊ देत नाही. ग्रॅटची गोळी हुकते, मॅटची लागते.

मला हा भाग याचसाठी आवडतो. नायक शेवटपर्यंत खलनायकापेक्षा संथच राहतो. गुपचूप सराव नाही, अंगात वारं शिरणं नाही. आपण का हरलो, एवढंच शोधून काढतो. इतक्या जुन्या अर्ध्या तासाच्या मालिकेत एवढा समंजसपणा क्वचित दिसतो.

कायद्याचा_कीस:
समंजसपणा कसला? ग्रॅट पिस्तूल उपसणारच हे मॅटला ठाऊक आहे, लांबून तो हुकणार हेही ठाऊक आहे. एवढं ठाऊक असताना समोर जाऊन उभं राहायचं याला मी अटक म्हणत नाही. शॉटगन घ्यायची, दोन माणसं मागच्या दाराला लावायची, झोपेत उचलायचा. मार्शलला पगार कशाचा मिळतो?

पश्चिमवारा:
कीस साहेब, हे अंतराचं प्रकरण निव्वळ कल्पना नाही. २१ जुलै १८६५, स्प्रिंगफील्ड, मिसुरी. नामांकित पिस्तूलबाज वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट भर चौकात समोरासमोर, मध्ये सुमारे ७५ यार्ड. टटचा नेम चुकला, हिकॉकची गोळी छातीत. खटला उभा राहिला आणि ज्युरीने हिकॉकला सोडून दिलं. त्या ज्युरीपुढे मॅट तर हसत हसत सुटला असता.

कायद्याचा_कीस:
हिकॉक तेव्हा कायद्याचा माणूस नव्हता हो. जुगाराच्या उधारीपायी टटने त्याचं घड्याळ उचललं, त्यावरून जुंपली. दोन जुगाऱ्यांच्या तंट्याचं माप मार्शलला लावायचं? उलट माझाच मुद्दा पक्का झाला.

सलूनचा_पडदा:
मला वेगळीच शंका आहे. जवळून तरी नेम लागतो म्हणून कोणी सांगितलं? ५ एप्रिल १८७९, डॉज सिटीचं लाँग ब्रँच सलून (हो, मालिकेतल्या किटीचं ते लाँग ब्रँच खरोखर होतं). लेव्ही रिचर्डसन आणि फ्रँक लव्हिंग इतके जवळ की पिस्तुलं एकमेकांना भिडायची बाकी. रिचर्डसनने बारांवर बार काढले आणि लव्हिंगच्या हाताला नुसतं खरचटलं! मेला रिचर्डसन. धुरात, घाईत काय दिसणार? म्हणजे ग्रॅटची सगळी युक्ती लेखकाच्या टेबलावरची. आणि खऱ्या डॉजमध्ये रेल्वे रुळांच्या उत्तरेला पिस्तूल बाळगायलाच बंदी होती. तिकडे ग्रॅटला बाराखाली नाही, नियमाखाली धरला असता.

जुनी_रिळं:
रिचर्डसन घाबरून झाडत सुटला, ग्रॅट थंड डोक्याचा आहे. दोघांना एका तागडीत घालू नका. बंदीचं मान्य, पण ती पाळली तर मालिका २० वर्षं चालेल कशी?
कीस, तुमच्या शॉटगनबद्दल: मॅट हरलेला सगळ्या गावाने पाहिलाय, ग्रॅट त्यानंतर गावात मालकासारखा वावरतोय. अशा वेळी त्याला झोपेत उचलला तर उद्या प्रत्येक टोळभैरव मॅटला अजमावायला येईल.

कायद्याचा_कीस:
म्हणजे अब्रूसाठी मारला, असंच म्हणताय ना? मग आपलं एकमत आहे, फक्त तुम्हाला ते आवडतं.

नवखा_प्रेक्षक:
या सगळ्यात मॅटचा मदतनीस चेस्टर काय करत होता?

सलूनचा_पडदा:
कॉफी करत होता. दुसरं काय?