जावाएफएक्स: लिसनर थोड्या वेळाने गप्प का होतो?

नवखा_८: जावाएफएक्समध्ये (जावात स्क्रीन बनवायची लायब्ररी) बिलाची छोटी स्क्रीन करतोय, दर आणि नग अशा दोन डबल प्रॉपर्टी (बदलली की कळवणारी आकडा-व्हॅल्यू) आहेत, दर.मल्टिप्लाय(नग) करून त्यालाच लगेच अ‍ॅडलिसनर लावला (लिसनर म्हणजे व्हॅल्यू बदलली की चालणारा कोड), लेबलमध्ये एकूण रक्कम दाखवायला. सुरवातीला मस्त चालतं, मग दहा-पंधरा मिनिटांनी लेबल हलतच नाही, एरर पण नाही काही!! डोकं फिरलंय

चहाबाज: मल्टिप्लायमधून जे बाइंडिंग (दर-नग बदलले की गुणाकार आपोआप नवा देणारा ऑब्जेक्ट) मिळालं ते कुठल्या व्हेरिएबलमध्ये ठेवलंयस का? नसणार. बाइंडिंग दर आणि नगवर वीक लिसनर लावून बसतं, म्हणजे त्या प्रॉपर्टी त्याला धरून ठेवत नाहीत, आणि तुझा लिसनर बाइंडिंगच्या पोटात आहे त्यामुळे तोही त्याला वाचवत नाही, मग गार्बेज कलेक्टर (कोणी न धरलेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणारा) आला की बाइंडिंग आणि लिसनर दोघंही साफ. बाइंडिंग क्लासमध्ये फील्ड (क्लासचं स्वतःचं व्हेरिएबल) करून ठेव. खात्री करायची तर सिस्टम.जीसी() मारून (गार्बेज कलेक्टरला लगेच यायला सांगून) बघ, बहुतेक लगेच बंद पडेल.

जुनाजावा: +१. आणि चेंजलिसनरच्या (नवी व्हॅल्यू आली की वाजणारा) जागी इनव्हॅलिडेशनलिसनर (व्हॅल्यू जुनी झाली एवढंच सांगणारा) टाकून बघू नकोस हां, तो एकदा वाजला की व्हॅल्यू परत वाचेपर्यंत वाजतच नाही, मी त्यात नुसता प्रिंट टाकून अख्खी दुपार घालवली होती 😅 अजून एक, लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) थेट दिलास तर नंतर रिमूव्हलिसनर करता येत नाही, तोच ऑब्जेक्ट द्यावा लागतो.

नवखा_८: जीसी मारल्या मारल्या बंद पडलं! फील्ड केलं, आता चालू आहे. धन्यवाद दादा लोक