वजनाचं आउटपुट फाइलमधून वाचू नका, जिनिंगच्या काट्यावर तर मुळीच नाही

यवतमाळी_कोडर
काल काटेवाला_वणी यांनी इथं लिहिलं की, कमांड प्रोग्रामचं उत्तर आपल्या सॉफ्टवेअरात आणायचं तर ते एका फाइलीत टाकायचं आणि फाइल उघडून वाचायची; पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट फाइलीशिवाय थेट दुसऱ्याला देणारी वाट) वगैरे पुण्याच्या कंपन्यांचे चोचले आहेत. बऱ्याच जणांनी 'बरोबर' म्हटलं. मला ते अजिबात पटलेलं नाही.

कापसाच्या जिनिंगमधला आपल्याकडचा सेटअप सगळ्यांना माहीत आहे. बिलाचं सॉफ्टवेअर व्हीबी सिक्सचं (जुनं व्हिज्युअल बेसिक), इंडिकेटरवरून, म्हणजे काट्याचा आकडा दाखवणाऱ्या डब्यावरून, वजन वाचणारा प्रोग्राम वेगळा. मोठा काटा आणि छोटा काटा, दोन्ही एकाच कॉम्प्युटरला, दोन पोर्टवर. बिलाच्या दोन खिडक्या उघड्या आणि दोन्ही एकाच फाइलीत वजन उतरवतात. आता मोठ्या काट्याचा प्रोग्राम वजन स्थिर व्हायची वाट बघत फाइल धरून बसला आहे. तेवढ्यात छोट्या काट्यावर बटण दाबलं. विंडोज दुसऱ्याला ती फाइल लिहायला देत नाही. 'फाइल दुसरा प्रोग्राम वापरतोय' अशी एरर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) येते, ती खिडकी तुम्ही लपवलेली असते. दुसरा प्रोग्राम सुरूच होत नाही. तुमचं सॉफ्टवेअर मात्र फाइल उघडतं, आत मोठ्या काट्याचा आकडा सापडतो, तोच छापतं.

बंडीच्या पावतीवर मेटॅडोरचं वजन उतरलेलं मी स्वतः पाहिलंय. आकडा इतका अचाट होता म्हणून पकडला गेला. दोन्ही काट्यांवर बंड्याच असत्या आणि फरक चाळीस किलोचा असता तर कोणाला कळलं असतं? एका शेतकऱ्याचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात, आणि दोघांनाही पत्ता नाही.

व्हीबीचं साधं शेल फंक्शन प्रोग्राम सुरू करून लगेच परत येतं, आउटपुट देत नाही, म्हणून लोक फाइलीकडे वळतात. त्याऐवजी विंडोजमधल्या डब्ल्यूस्क्रिप्ट शेलचं एक्झेक वापरा. आउटपुट पाइपातून थेट हातात येतं, एक्झिट कोडही मिळतो, म्हणजे प्रोग्राम नीट संपला की नाही हे सांगणारा आकडा. कोड शून्य नसेल तर पावती छापायचीच नाही.

काटेवाला_वणी
दादा, तुम्ही लिहिलं ते वाचलं. आता माझं ऐका. मी पाइपच लावला होता. ऐन सीझनमध्ये, बाहेर रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग, आणि सॉफ्टवेअर जागच्या जागी गोठलं. ना आकडा, ना एरर. मालक डोक्यावर उभा. मी फाइल लावली अन् काम सुरू झालं, ते आजवर सुरू आहे. अन् दुसरं, आमच्याकडं लाइन कधीही जाते. पाइपातलं वजन गेलं ते गेलं. फाइल डिस्कवर राहते, शेतकऱ्याले दाखवता येते. हे तुमच्या हिशेबात कुठं आहे?

हिंगणघाटकर
वेगळा प्रोग्राम कशाला? व्हीबीतच पोर्ट वाचणारं एमएसकॉम कंट्रोल टाका, पोर्ट थेट वाचा.

यवतमाळी_कोडर
@हिंगणघाटकर, पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेलाही तेच वजन लागतं, म्हणून वेगळा ठेवलाय.

@काटेवाला_वणी भाऊ, गोठण्याचं कारण सांगतो. प्रोग्रामचे बाहेर पडायचे प्रवाह दोन, आउटपुट आणि एरर. तुम्ही फक्त आउटपुट वाचत बसला असणार. केबल ढिली असली की तो एररच्या ओळींवर ओळी टाकतो. पाइपाची जागा मर्यादित, लिनक्सवर साधारण ६४ केबी, विंडोजवर बहुतेकदा पुष्कळ कमी. ती भरली की प्रोग्राम लिहायचा थांबतो, तुम्ही आउटपुटची वाट बघत थांबता, दोघंही कायमचे अडकता. पायथन भाषेत दुसरा प्रोग्राम चालवायच्या सबप्रोसेसमध्ये कम्युनिकेट आहे ते दोन्ही एकदम वाचण्यासाठीच. व्हीबीत एरर आउटपुटमध्येच वळवा आणि ठरलेल्या साच्यातली ओळ सोडून काहीही वजन म्हणून घेऊ नका.

लाइन जाण्याचा मुद्दा खरा आहे. पण त्यासाठी पाइपातून वाचून तुमच्या सॉफ्टवेअरनं टोकन नंबरसह स्वतःची नोंद लिहावी. सगळ्यांची एकच फाइल हा त्यावर उपाय नाही.

पुसदकर
पाइपाची आणखी एक पीडा. स्क्रीनवर वजन सतत हलतं दाखवायचंय. काळ्या खिडकीत आकडा पळतो, सॉफ्टवेअरातून चालवलं की दीडेक मिनिट काहीच नाही, मग ढीगभर ओळी एकदम.

यवतमाळी_कोडर
पायथन आहे ना? समोर खिडकी नसली की तो ओळी साठवतो, ८१९२ बाइट भरल्यावर सोडतो. इंडिकेटरची ओळ अठरा बाइटची धरली तर साडेचारशेच्या वर ओळी झाल्या. प्रिंटमध्ये फ्लश ट्रू करा, नाहीतर मायनस यू देऊन चालवा, म्हणजे ओळी न साठवता लगेच सोडेल.

सेतूताई_दारव्हा
वजनावर एवढी चर्चा करता, नावाचं कोणी बोलत नाही. आमच्याकडं शेतकऱ्यांची यादी वाचणारा प्रोग्राम आहे. काळ्या खिडकीत नाव मराठीत स्वच्छ दिसतं. सॉफ्टवेअरातून चालवला की चारमॅपची (अक्षर बसत नाही अशी) एरर देऊन मरतो. ज्यानं बनवून दिला त्याला सांगितलं, त्यानं 'दुरुस्त' केला. आता मरत नाही, सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. पावतीवर नुसती प्रश्नचिन्हं घेऊन माणूस बँकेत गेला तर त्याला कोण उभं करणार?

पुसदकर
ताई, नावं इंग्रजीत टाका. झंझटच नको.

सेतूताई_दारव्हा
इंग्रजीतच टाकत होतो आधी. 'काळे' लिहिताना एक ऑपरेटर एक ए टाकतो, दुसरा दोन. पासबुकात तिसरंच. पैसे अडकले की म्हातारा माणूस पन्नास किलोमीटरवरून दोनदा येतो, आणि बोलणी मला खावी लागतात, तुम्हाला नाही. ज्याला स्वतःचं नाव मराठीत वाचता येतं त्याला ते पावतीवर वाचता आलंच पाहिजे. ही झंझट नाही.

पुसदकर
मी काय शेतकऱ्याच्या विरोधात बोललो का? माझाही बाप शेतकरीच आहे. व्हीबी सिक्समध्ये देवनागरी येतच नाही, हे खरं आहे की नाही तेवढं सांगा.

यवतमाळी_कोडर
व्हीबी सिक्सपुरतं खरं आहे. त्याची लेबलं, ग्रिड एएनएसआय कोडपेजवर, म्हणजे विंडोजच्या जुन्या अक्षरतक्त्यावर चालतात, आणि सिस्टिम लोकेलला (विंडोजच्या भाषेच्या सेटिंगला) लावता येईल असं देवनागरीचं एएनएसआय कोडपेज विंडोजनं दिलेलंच नाही. म्हणून तर इतकी वर्षं इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणारे कृतिदेवसारखे फॉन्ट चालले.

पण ताईंचा प्रोग्राम त्याच्याही आधी, पाइपाच्या तोंडाशी मरतो. पायथन ३.६ पासून काळ्या खिडकीत थेट युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं असलेली पद्धत) लिहितो, पाइपात मात्र विंडोजचं कोडपेज वापरतो, आणि त्यात 'क' सुद्धा नाही. दुरुस्तीवाल्यानं न बसणाऱ्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायला सांगितलंय. ती नावं परत मिळवता येत नाहीत, मूळ अक्षर तिथंच संपलं. ती यादी कुठं सेव्ह होत असेल तर ताई, आजच थांबवा. ३.७ पासून यूटीएफ-८ (युनिकोड बाइटमध्ये लिहायची पद्धत) मोड आहे, तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये चालू करा आणि वाचणाऱ्या बाजूलाही यूटीएफ-८ सांगा. वाचणारं सी शार्प भाषेत असेल तर स्टँडर्ड आउटपुट एन्कोडिंग ही सेटिंग. नुसती एक बाजू बदलून भागत नाही.

सेतूताई_दारव्हा
वाचणारं सी शार्पचंच आहे. दोन्ही बाजू बदलून घेते. सेव्ह होत होतं, मूळ यादी तलाठी कार्यालयाच्या प्रिंटवरून पुन्हा भरावी लागेल.

काटेवाला_वणी
नावाच्या बाबतीत मी ताईच्या बाजूनं आहे. माझ्या पावतीवर नाव मराठीतच येते, कृतिदेवमधी. पुसदकर, तुमचं बोलणं मले आवडलं नाही.

यवतमाळी दादा, एक फाइल दोन काट्यांले नको, एवढं मान्य. प्रत्येक टोकनची वेगळी फाइल करतो, एक्झिट कोडही तपासतो. पण पाइप मी सीझनमध्ये लावणार नाही म्हणजे नाही.

यवतमाळी_कोडर
टोकनची फाइल असेल तर वजनांची अदलाबदल होणार नाही, तेवढ्यापुरती माझी हरकत मागे. वाचण्याआधी फाइल रिकामी नाही ना, हेही बघा. पाइपचं सीझन उतरल्यावर बोलू.

हिंगणघाटकर
आणि पाइप असो की फाइल, नाव कमांड लाइनवर पाठवू नका. एका व्यापाऱ्याच्या फर्मच्या नावात & हे चिन्ह होतं. सीएमडीनं (विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टनं) तिथंच कमांड तोडली आणि पुढचा अर्धा भाग वेगळी कमांड समजून चालवायला गेला. नाव प्रोग्रामच्या इनपुट प्रवाहातून द्या.