प्रतिवादी कोथरूडला, पण जमीन वाईला

तुम्ही म्हणताय भाऊ कोथरूडला राहतो म्हणून वाईच्या जमिनीच्या वाटपाचा दावा पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात टाकू, तर प्लीज थांबा. प्रतिवादी (ज्याच्यावर दावा, इथे तुमचा भाऊ) राहतो तिथे दावा हा नियम आहे, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २०, पण तो उसने पैसे, करार असल्या दाव्यांना. स्थावर मालमत्तेला कलम १६, मिळकत जिथे तिथलंच कोर्ट. हां, वाटपात पुण्यातला फ्लॅटपण असेल तर मात्र कलम १७ खाली दोन्हीपैकी कुठेही चालतं, म्हणून आधी सगळ्या मिळकतींची यादी करा.

आमच्या वडिलांचा कराडच्या प्लॉटच्या ताब्याचा दावा असाच वकिलांनी पुण्यात टाकला आणि दोन वर्षांनी वादपत्र, म्हणजे दाव्याचा मूळ लेखी कागद, परत आलं, त्याच्या मागच्या बाजूला दाखल तारीख, परत केल्याची तारीख आणि चार ओळीत कारण, न्यायाधीशांच्या सहीनं. तो कागद हातात घेऊन वडील कितीतरी वेळ कोर्टाच्या पायरीवर बसले होते, मला अजून आठवतं. दावा फेटाळला नव्हता, फक्त योग्य कोर्टात दाखल करा म्हणून परत केला होता, हा फरक आम्हाला तेव्हा कोणी नीट सांगितलाच नाही. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे गेलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली दावा लावायच्या मुदतीतून वगळून मिळतो, पण गेलेली वर्षं थोडीच परत येतात.