प्रावीण्य चाचणी : कॅलिफोर्नियातील गांजा-प्रयोगशाळांचा नियम

प्रयोगशाळेकडे आयएसओ १७०२५ (चाचणी-प्रयोगशाळांच्या सक्षमतेचे आंतरराष्ट्रीय मानक) मानांकन असल्यावर वेगळी प्रावीण्य चाचणी कशाला, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. कॅलिफोर्नियातील नियम पाहिल्यास त्याचे उत्तर मिळते. मानांकन हे प्रयोगशाळेच्या कार्यव्यवस्थेची ग्वाही देते. प्रावीण्य चाचणीत मात्र ज्याचे मूल्य प्रयोगशाळेला ठाऊक नाही असा नमुना तिच्यापुढे ठेवला जातो. तेथे परवानाधारक प्रयोगशाळेला दर सहा महिन्यांतून किमान एकदा, आयएसओ १७०४३ (प्रावीण्य चाचण्या घेणाऱ्या संस्थांसाठीचे मानक) नुसार चालणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रमात भाग घ्यावा लागतो. नमुना रोजच्याच पद्धतीने तपासायचा, आणि हे काम एकाच निष्णात विश्लेषकाकडे न सोपवता ती पद्धत वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये आळीपाळीने वाटायचे, हे बंधन मला सर्वांत मोलाचे वाटते.

निकाल बहुधा झेड-गुणांकाने मोजतात, म्हणजे प्रयोगशाळेचे उत्तर आणि निर्धारित मूल्य यांतील फरकाला प्रमाण विचलनाने भागतात. टीएचसीचे (गांजातील नशा आणणाऱ्या घटकाचे) निर्धारित मूल्य २० टक्के, प्रमाण विचलन १ आणि प्रयोगशाळेचे उत्तर २२.५ असेल, तर गुणांक २.५ येतो, दोनपर्यंतचा समाधानकारक, दोन ते तीनमधला शंकास्पद. शंकास्पद ठरलेल्या घटकाचेही अहवाल, कारण दूर करून सुधारणेचा लेखी अहवाल सादर करेपर्यंत देता येत नाहीत.

एक उणीव मात्र राहतेच. अमेरिकेच्या संघीय कायद्यामुळे गांजा राज्याबाहेर पाठवता येत नसल्याने अनेक नमुने ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या हेम्पचे (नशा न आणणाऱ्या गांजाच्या वाणाचे) असतात, आणि त्यांवरील यश २५ टक्के टीएचसी असलेल्या गांजाच्या फुलावरील अचूकता सिद्ध करत नाही. शिवाय नमुना परीक्षेचा आहे हे प्रयोगशाळेला ठाऊक असते. त्यामुळे चाचणी करून घेणाऱ्या ग्राहकाला खूश करण्यासाठी फुगवलेले टीएचसीचे आकडे यातून सापडणे कठीण आहे. त्यासाठी दुकानातून उचललेल्या मालाची अघोषित फेरतपासणीच हवी.