रॅप्चर महासंकटाआधी की नंतर?
महासंकटाआधीच (जगाच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या छळाच्या काळाआधीच) रॅप्चर होणार, म्हणजे प्रभू येशू विश्वासणाऱ्यांना वर उचलून घेणार, हा ख्रिस्ती मंडळीचा पहिल्यापासूनचा विश्वास आहे, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. या शिकवणीची पद्धतशीर मांडणी ख्रिस्ती उपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३० च्या दशकात केली. पुढे १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमधल्या टिपांमुळे ती दूरवर पोचली. बायबलमधल्या मत्तय २४:२९-३१ मध्ये मात्र देवाने निवडलेल्यांना गोळा करणं संकटानंतर येतं. हा उतारा फक्त इस्राएलासाठी, असं उत्तर मिळतं. पण प्रभू तिथे आपल्या शिष्यांशीच बोलतोय ना! रॅप्चरला आधार म्हणून जे वचन देतात (थेस्सलनीकाकरांना पहिलं पत्र, ४:१३-१८), ते प्रेषित पौलाने लिहिलं मेलेल्यांसाठी शोक करणाऱ्यांना धीर द्यायला. तिथे वेळापत्रक नाहीच. उलट त्याच पत्रात (३:३) तो म्हणतो, संकटं आपल्या वाट्याला नेमलेलीच आहेत.