मदत हवी आहे: दोन टप्प्यांच्या अमोनिया चक्रात मधला दाब किती धरायचा?

नमस्कार मंडळी. दोन टप्प्यांच्या बाष्प संपीडन चक्राचं (वाफ दाबून थंडावा निर्माण करणाऱ्या शीतकरण चक्राचं) गणित मांडतोय आणि एका जागी अडकलोय. अमोनिया, बाष्पीभवन -४० अंश सेल्सिअस, संघनन ४० अंश, मध्ये फ्लॅश इंटरकूलर, म्हणजे दोन कॉम्प्रेसरच्या मधली टाकी, जिथे खालच्या टप्प्यातली गरम वाफ द्रव अमोनियाने थंड होते. दाब साधारण ०.७२ आणि १५.५५ बार, म्हणजे गुणोत्तर जवळपास २२. एकाच टप्प्यात दाबलं तर आदर्श संपीडनातही बाहेर पडणारी वाफ २०० अंशांच्या आसपास जाते, म्हणून दोन टप्पे घ्यावेच लागतात.

मधल्या दाबासाठी सगळे भूमितीय मध्य (दोन्ही दाबांच्या गुणाकाराचं वर्गमूळ) काढायला सांगतात. तो येतो ३.३४ बार. पण हे सूत्र आदर्श वायूचं, दोन्ही टप्प्यांत सारखंच वस्तुमान वाहतं असं धरून काढलेलं. इथे तसं कुठे आहे? इंटरकूलरचा ऊर्जा समतोल मांडला तर वरच्या कॉम्प्रेसरमधून खालच्याच्या सुमारे १.३६ पट अमोनिया जातो, कारण गरम वाफ थंड करताना द्रव उकळतो आणि फ्लॅश झालेली, म्हणजे दाब उतरताना द्रवातून झटकन बनलेली, वाफही वरच जाते. त्यामुळे कमाल सीओपी (खर्च झालेल्या कामामागे मिळणारा थंडावा) देणारा माझा मधला दाब ३.३४ बारच्या थोडा वर येतोय. शिखर मात्र फार सपाट आहे.

हे वर सरकणं खरं की माझ्या कोष्टकातल्या अंतर्वेशनाची (दोन नोंदींमधली किंमत काढण्याची) चूक? हेच मला सगळ्यात जास्त सतावतंय. दुसरं, दोन्ही कॉम्प्रेसरची आयसेंट्रॉपिक कार्यक्षमता (आदर्श संपीडनाचं काम भागिले प्रत्यक्ष काम) स्थिर धरू, की दाब गुणोत्तरानुसार बदलू? कुणी असं गणित हाताने केलं असेल तर कृपया पायऱ्या सांगा.