शब्दचर्चा: शेलमधल्या 'किल' आणि 'यँक'ला मराठीत काय म्हणायचं?

टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाइप करून कॉम्प्युटरला काम सांगायच्या खिडकीच्या, शॉर्टकटची यादी मराठीत लिहितोय, नव्याने शिकणाऱ्यांसाठी. कंट्रोल ए म्हणजे ओळीच्या सुरुवातीला, कंट्रोल ई म्हणजे शेवटाला, कंट्रोल आर दाबून जुनी कमांड शोधायची, इथपर्यंत काही अडलं नाही. अडलं ते कंट्रोल डब्ल्यूपाशी. मी सरळ लिहून टाकलं की याने मागचा शब्द पुसला जातो आणि कंट्रोल यूने कर्सरच्या मागची सगळी ओळ पुसली जाते. पण बॅशचं (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल, त्यातलाच हा एक) मॅन्युअल उघडलं तर तिथे डिलीट नाही, किल म्हटलंय, आणि हा फरक नुसता शब्दाचा नाहीये. बॅकस्पेसने गेलेलं अक्षर गेलंच, किल केलेला मजकूर मात्र बाजूला ठेवलेला असतो आणि कंट्रोल वाय दाबलं की कर्सर असेल तिथे परत येतो, यालाच यँक म्हणतात.

मला हे कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. लांबलचक कमांड अर्धी टाइप झाल्यावर लक्षात यायचं की आधी फोल्डर बदलायला हवं होतं, मग सगळं खोडा, सीडी (फोल्डर बदलायची कमांड) करा आणि पुन्हा पहिल्यापासून टाइप करत बसा. आता कंट्रोल यू, सीडी, कंट्रोल वाय, झालं काम. 'पुसणे' असं शिकवलं तर परत आणता येतं हे कुणाच्या डोक्यातच येणार नाही. मग किलला 'कापणे' चालेल का? 'मारणे' नकोच वाटतं. आणि यँक म्हणजे खरं तर हिसका देऊन ओढणे, त्याचं काय करू?

प्रतिसाद:
कापणेच लिहा, कापलेलं चिकटवता येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. यँकला मात्र 'चिकटवणे' लिहिलंत तर पुढे घोळ होईल, कारण व्हीआय एडिटरमध्ये यँक म्हणजे कॉपी! बॅशचे शॉर्टकट मुळात इमॅक्स या दुसऱ्या एडिटरच्या वळणाचे, तिथे साठ्यातलं ओढून ओळीत आणायचं, आणि व्हीआयमध्ये ओळीतलं ओढून साठ्यात न्यायचं. ओढणं दोन्हीकडे आहे, फक्त दिशा उलटी. म्हणून 'ओढून आणणे' आणि 'ओढून ठेवणे' असं लिहिलं तर दोन्ही नीट बसतात. आणि हेही टाका की कंट्रोल डब्ल्यू लागोपाठ तीनदा मारलं तर तिन्ही शब्द एकत्र साठतात, एका कंट्रोल वायमध्ये सगळे परत.

प्रतिसाद:
अहो पण किल नावाची कमांडही आहे ना, तिथे कापणे कसं चालणार? तिथे तर मारणेही चूक आहे. ती कमांड प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, फक्त सिग्नल पाठवते. नुसता प्रोसेसचा नंबर दिला तर १५ नंबरचा सिग्नल जातो, म्हणजे 'आवरून घे आणि थांब' असा निरोप, त्यात प्रोग्रॅमला आपल्या फाइली नीट बंद करायला वेळ मिळतो. ९ नंबरचा मात्र प्रोग्रॅमला अडवताच येत नाही. लोक मारणे हाच अर्थ धरून पहिल्याच फटक्यात ९ देतात आणि मग अर्धवट लिहिलेल्या फाइली निस्तरत बसतात, म्हणून मला हा शब्द महत्त्वाचा वाटतो. शून्य नंबर दिला तर काहीच जात नाही, प्रोसेस आहे की नाही तेवढं कळतं. मी तरी 'सिग्नल देणे'च म्हणेन.

चालू प्रोग्रॅमवर दाबायच्या कंट्रोल झेडचंही तसंच, लोक 'बंद केलं' म्हणतात, पण ते नुसतं थोपवलेलं असतं, एफजी ही कमांड दिली की पुन्हा समोर येतं.

मूळ प्रश्नकर्ता:
पटलं. ओळीतलं किल म्हणजे 'कापून ठेवणे', यँक म्हणजे 'ओढून आणणे', आणि कमांडसाठी 'सिग्नल देणे', असं तिन्ही वेगळं लिहितो. शेलला 'कवच' लिहिणार होतो पण कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) म्हणजे गर आणि त्याच्याभोवतीचं शेल, हे बघता 'टरफल' जास्त जवळचं वाटतं, तरी यादीत शेलच ठेवतो, कारण मदत शोधताना तोच शब्द लागणार. टी कमांडला मात्र शब्द शोधायची गरजच नाही, नळाच्या पाइपला जो टी जोडतात तोच हा टी, कमांडच्या आउटपुटचा एक फाटा स्क्रीनकडे आणि एक फाइलीकडे.